फक्त बाहेरून लावण्यासाठी

प्रिय मास्तर,

तुम्हाला, वहिनींना आणि तुमच्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार. डाव्या गुडघ्याने उजव्याशी जुळवून घेतलं का, डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही रोज लावता की पाहुणे आल्यावरच लावता, आणि वहिनींचा खोकला खरंच गेला की त्यांनी तुमच्यासमोर खोकणं सोडलं, हे सगळं सविस्तर कळवा. तुम्ही वयाने माझ्याहून लहान, पण जन्मभर इंग्रजी शिकवलंत, म्हणून मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून 'अहो मास्तर' म्हणत आलो. एवढा विनय माझ्या अंगी आहे, हे तुमच्या बहिणीच्या अजून लक्षात आलेलं नाही. असो. इकडे सर्व कुशल आहे. (हे वाक्य सवयीने लिहून गेलो. खोडत नाही, कारण खाडाखोडीचं पत्र तुम्ही लाल शाईने तपासून परत पाठवता. पण त्यावर विश्वास ठेवू नका.)

आता मुद्द्यावर येतो. गेले काही आठवडे आमच्या घरात काहीतरी शिजत होतं आणि ते मला कोणी सांगत नव्हतं. सून आपली गुणी आहे. हे मी तिच्या तोंडावर म्हणतो आणि पाठीमागेही म्हणतो, पाठीमागे फक्त जरा हळू. पण ही गुणी सून रोज दुपारी, चिरंजीव कामावर गेले की, खोलीचं दार लावून घेते आणि कोणाशी तरी फोनवर इंग्रजीत बोलते. चांगलं तासभर. मला दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकायची सवय नाही हे तुम्ही जाणताच. योग असा की तिच्या दाराबाहेरचा पॅसेजमधला बल्ब हल्ली दुपारीच सैल होतो आणि तो घट्ट करायला मला स्टुलावर चढून उभं राहावं लागतं. (एकच बल्ब रोज सैल कसा होतो, असं तुमच्या बहिणीने दोनदा विचारलं. तुमच्या घराण्यात हा संशयीपणा कुठून आला कोण जाणे.)

माझ्या इंग्रजीची कल्पना तुम्हाला आहे. जन्म गेला नाटकांचे पडदे आणि दुकानांच्या पाट्या रंगवण्यात. इंग्रजी मला ऐकू येतं, इंग्रजी मला फर्मास रंगवता येतं, फक्त समजत नाही. तर स्टुलावरून ऐकता ऐकता काही शब्द माझ्या कानात अडकून बसले, कारण ते पुन्हा पुन्हा येत. सुपरफिशियल. शॅलो. ग्लॉसी. व्हेनिअर. फसाड. आणि या शब्दांच्या मध्येच एकदा स्वच्छ मराठीत, 'नाही नाही, सासरे घरीच असतात.' झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली. पाच इंग्रजी शब्द आणि त्यांच्या मधोमध मी.

अर्थ तुम्हालाच विचारले असते, पण तुम्ही अर्थ सांगण्याआधी वाक्यात उपयोग करून दाखवायला लावता, आणि शिवाय ते उत्तराचं पत्र आधी तुमच्या बहिणीच्या हाती पडलं असतं. म्हणून मी बाहेर चौकशी करायचं ठरवलं, तीही बेमालूम, म्हणजे एका माणसाला एकच शब्द. दाढेच्या निमित्ताने दातांच्या डॉक्टरांकडे गेलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की व्हेनिअर म्हणजे काय हो. ते म्हणाले, दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायची पातळ चकचकीत पापडी; आतला दात कसाही असला तरी हसताना छान दिसतो. मग खुर्ची मागे पाडून माझं तोंड उघडलं आणि तुम्हाला सहा लागतील म्हणाले. मी तसाच तोंड मिटून कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेलो. तो म्हणाला, व्हेनिअर होय, हलक्या लाकडावर भारी लाकडाचा पातळ पापुद्रा. दात गेले आणि लाकूड आलं, पण पापुद्रा तसाच राहिला. फोटोवाल्याने ग्लॉसी म्हणजे चकाकणारा कागद असं सांगितलं आणि वर म्हणाला की तुमच्या वयाच्या लोकांनी तो घेऊ नये, सुरकुत्यांवर उजेड परततो. सुपरफिशियल हा शब्द आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी पूर्वी एकदा माझ्या कापलेल्या बोटाबद्दल वापरला होता आणि चिरंजीवांनी त्याचा अर्थ 'काही नाही, नुसतं वरवरचं' असा तुमच्या बहिणीला सांगितला होता, तो मला आठवला. शॅलोची तर गंमतच झाली. पोहण्याच्या तलावाच्या भिंतीवर तो शब्द मीच रंगवलेला आहे, निळ्यावर पांढरा, सावली देऊन. रखवालदाराला विचारलं तर म्हणाला, ज्यांना पोहता येत नाही त्यांनी या बाजूला उभं राहायचं, पाणी कमरेपर्यंतच असतं. मी इतकी वर्षं त्या पाटीकडे अभिमानाने बघत होतो.

फसाड मात्र कोणाला विचारावा लागला नाही. परदेशात शिकून आलेला एक तरुण दिग्दर्शक मागे आमच्या नाटक कंपनीत होता, तो माझ्या नावाने हाका मारत फिरायचा आणि फसाड फसाड करायचा. फसाड म्हणजे रंगमंचावरच्या घराचा दर्शनी भाग. समोरून दगडी बंगला, खिडक्यांना जाळ्या, दाराशी वेल. मागे गेलं की चार बांबू, दोन टेकू आणि डबा उघडून बसलेला सुतार. मास्तर, दर्शनी भाग हाच माझा धंदा. प्लायवुडला दगड आणि गोणपाटाला मखमल करून मी त्या भिंतींवर संसार केला. कंपनीत मला सगळे 'भिंतवाले' म्हणायचे. आता तुम्हीच सांगा, दात, लाकूड, कागद, कापलेलं बोट, कमरेएवढं पाणी आणि नाटकातला बंगला, या सगळ्यांची बेरीज केली तर उत्तर काय येतं? वर एक, आत भलतंच. आणि ते कोणाबद्दल चाललंय, हे कळायला काय मास्तर व्हावं लागतं?

माझा तर इंग्रजी बोलणाऱ्या अख्ख्या जमातीवरच संशय बसला. एका उथळपणाला एवढे शब्द? सुतारकामातून एक घेतला, गवंडीकामातून एक, पोहण्यातून एक. ज्यांना असे शब्द इतके लागतात ते लोक एकमेकांच्या घरी चहा तरी कसा पीत असतील, कपाच्या आत बघत बघतच पीत असतील. आपलं बरं आहे, उथळ म्हटलं, वरवरचं म्हटलं, फार राग आला तर नुसता देखावा म्हटलं, की संपलं. (देखावा या शब्दावर तर माझं घर चाललं, त्यामुळे तो मला शिवीसारखा कधी वाटलाच नाही. तोही आता नव्याने तपासून बघावा लागला.)

यानंतर मी डोळ्यांत तेल घालून पाहू लागलो. पाहू लागलं की दिसतंच. एका रविवारी चिरंजीव आणि सून बैठकीच्या खोलीत टेप घेऊन भिंत मोजत होते. तो एक टोक धरून, ती दुसरं. मी चपला न घालता आलो म्हणून त्यांना कळलं नाही. ती म्हणत होती, 'बाबांना इतक्यात नको सांगायला.' तो म्हणाला, 'सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल.' मग दोन दिवसांनी दाराशी खोकी आली, पुठ्ठ्याची, चांगली जड, आणि ती तिच्या खोलीत पलंगाखाली गेली. मास्तर, माणूस खोकी केव्हा आणतो? आपली खोली सोडून दुसऱ्या घरी जायचं असतं तेव्हा. भिंत केव्हा मोजतो? आपलं कपाट नव्या घरात मावेल का ते बघायला. वाईट कोणाला वाटणार? मला. चित्र पूर्ण झालं. हे दोघं वेगळं बिऱ्हाड करणार होते, आणि का, तर सासरे व्हेनिअर आहेत.

इथे खरं सांगतो, हसू नका. मला भीती वाटली. राग येऊन गेल्यावर जी उरते ती. सकाळी चिरंजीव दाढी करताना बेसूर गातो, सून पेपर आधी घेते आणि मधलं पान माझ्यासाठी वेगळं काढून ठेवते, संध्याकाळी कोणाची तरी किल्ली दारात फिरते. हे सगळं गेलं तर काय करायचं? दगड, मखमल, समुद्र, काहीही रंगवून देईन, पण हे दोघं गेले तर त्यांना काय भिंतीवर रंगवून ठेवू?

तेव्हा मी ठरवलं की आपण खोल आहोत हे या मुलीला दिसलं पाहिजे. शब्द बदलला की बेत बदलेल. दुसऱ्या दिवसापासून मी खोल झालो. म्हणजे काय केलं, तर कोणी काही विचारलं की लगेच उत्तर द्यायचं नाही, आधी खिडकीबाहेर बघायचं, मग एक उसासा, मग उत्तर. जेवताना सुनेने मीठ हवंय का विचारलं, तर मी बराच वेळ वाटीकडे बघून म्हणालो, 'मीठ. कोणाला कधी पुरलंय?' चिरंजीवांनी घास ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावला. फोनची जुनी जाडजूड डिरेक्टरी खाकी कव्हर घालून मी मांडीवर घेऊन बसू लागलो आणि मधूनच 'वा' म्हणून पान उलटू लागलो. तुमच्या बहिणीला वाटलं मला ऐकू येईनासं झालंय, तिने कानात घालायचं औषध आणलं आणि मला आडवं करून घातलंही. चिरंजीवांनी रक्तदाब मोजायचं यंत्र उसनं आणलं. सून एवढंच म्हणाली की बाबा, तुम्हाला कसली काळजी आहे का. आता ती काळजीत म्हणाली की वरवर म्हणाली, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

नुसत्या वागण्याने भागत नाही, मागे काहीतरी भक्कम उभं पाहिजे, हे नाटकवाल्याला सांगावं लागत नाही. पुढच्याच आठवड्यात सुनेच्या वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना भेटायला म्हणून तिघंही दोन दिवसांसाठी तिकडे निघाले. (मला तेव्हा खात्री होती की हे लोक नवीन घर बघायला चाललेत. डोळ्याचं ऑपरेशन इतकं वेळेवर कधी होतं का?) मी पाठ धरल्याचं सांगून मागे राहिलो, त्यांना वाकून वाकून निरोप दिला, दार लावलं आणि माळ्यावरून रंगांचे डबे खाली काढले. मास्तर, त्या दोन दिवसांत मी बैठकीच्या खोलीच्या मोठ्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट रंगवलं. अहाहा! शिसवी कपाट, फळ्यांना सावली, कातडी बांधणीचे ग्रंथ, काही उभे, दोन-तीन कलंडलेले, एकातून खुणेची रेशमी फीत लोंबतेय. दारातून बघितलं तर तुम्ही स्वतः चष्मा काढून पुसला असता. आता ग्रंथ म्हटले की नावं हवीत, आणि खोल माणसाकडे ती इंग्रजीतच हवीत. घरात जिथे जिथे इंग्रजी छापलेलं होतं तिथून मी ती घेतली, औषधाच्या बाटल्या, रंगाचे डबे, साबणाची पाकिटं, मलमाच्या नळ्या. जाड पुस्तकाला लांब नाव, बारक्याला लहान. अक्षर न् अक्षर बरोबर उतरवलं, पुठ्ठ्यावर सोनेरी.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, म्हणजे खरं तर मी टाळतोय. ती भिंत कोरी नव्हती. तुम्ही आमच्याकडे आला होतात तेव्हा तुम्ही तिच्याखालीच चहा प्यायला होतात. त्या भिंतीला लागून पलीकडची इमारत आहे, तिथे खिडकी निघणं शक्य नाही. या घरात आलो तेव्हा तुमची बहीण खोलीच्या मध्ये उभी राहून म्हणाली होती की हे घर आंधळं आहे. म्हणून मी तिला तिथे खिडकी रंगवून दिली होती. अर्धवट उघडं दार, बाहेर एक झाड, आणि तिने हट्ट धरला म्हणून कट्ट्यावर एक मांजर. इतकी वर्षं ती त्या खिडकीखालीच भाजी निवडायला बसते आणि म्हणते, इथे उजेड बरा येतो. मी हसायचो. आणि माझ्याच हाताने मी त्या खिडकीवर ग्रंथ रचले. घरातली तेवढी एकच भिंत मोठी होती हो, आणि माझ्या डोक्यात तेव्हा सून, खोकी आणि फसाड, याशिवाय दुसरं काही शिरत नव्हतं.

तिघं परत आले. चिरंजीव बॅगांसकट दारात उभे राहिले. सुनेने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, माझ्या खोलपणाने थक्क झाली. तुमची बहीण त्या कपाटाकडे बघत राहिली आणि तिने एवढंच विचारलं, 'मांजर?' मी म्हणालो, आहे ना, पुस्तकांच्या मागे आहे. ती भाजीचं ताट उचलून स्वयंपाकघरात गेली आणि त्या दिवसापासून ट्यूबलाइटखाली बसून निवडते. माझ्याशी बोलणं बंद. मीठ हवंय का, हेसुद्धा विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली आणि एक बाई आल्या. उंच, करड्या केसांच्या, गळ्यात चष्म्याची साखळी. सुनेची धावपळ झाली. तिने ओळख करून दिली तेव्हा मला आवाजावरून कळलं, फोनमधून मधूनमधून पॅसेजपर्यंत यायचा तोच हा आवाज. म्हणजे ज्यांना माझ्या वरवरपणाची रोज बातमी पोचत होती त्याच बाई. मी डिरेक्टरी मांडीवर घेऊन कपाटाखाली बसलो, उसासा टाकला आणि 'वा' म्हणून पान उलटलं. चहा आला. बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या की अरे वा, तुमच्या घरी केवढी ग्रंथसंपदा आहे, आणि मला किंवा सुनेला काही सुचायच्या आत उठल्या आणि मधल्या फळीवरचा जाड लाल ग्रंथ काढायला त्यांनी हात घातला. नखं भिंतीवर टकटकली. मास्तर, असा आवाज मी आयुष्यात पुन्हा ऐकायला तयार नाही. त्यांनी दुसऱ्या ग्रंथाला हात लावून बघितला. मग रेशमी फीत चिमटीत धरायचा प्रयत्न केला. (ती मात्र फारच छान जमली होती.) मग गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि एकेक नाव मोठ्याने वाचू लागल्या. सून माझ्या शेजारी उभी राहून खालच्या आवाजात मराठी करून सांगत होती आणि तिचा आवाज थरथरत होता, मला वाटलं रडतेय.

निळा ग्रंथ: वापरण्यापूर्वी चांगले हलवा. तपकिरी दोन खंड: पहिला, लहान मुलांपासून दूर ठेवा, आणि दुसरा, थंड व कोरड्या जागी ठेवा. हिरवा: पांढरे कपडे वेगळे धुवा. आणि तो लाल, सगळ्यांत जाड, ज्याच्यावर मी खरा सोनेरी रंग उधळला होता आणि ज्याचं नाव तुमच्या बहिणीच्या कंबरेच्या मलमावरून उतरवलं होतं, तो: फक्त बाहेरून लावण्यासाठी.

बाई मटकन खाली बसल्या आणि हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आणि सून, जी मला रडतेय वाटली होती, तीही. मग त्या हसण्यातून सगळं बाहेर आलं. बाई संपादक आहेत. शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी इंग्रजी शब्दांचं पुस्तक काढतायत, ज्यात एकाच अर्थाचे शब्द एकत्र आणून कोणता केव्हा वापरायचा ते सोप्या इंग्रजीत समजावलंय. त्यातलं उथळपणा आणि वरवरचा देखावा या शब्दांचं प्रकरण सुनेला परीक्षा म्हणून करायला दिलं होतं. ते पसंत पडलं तर पुस्तकाचं सगळं काम तिला मिळणार होतं, आणि मिळेल की नाही याची खात्री नव्हती म्हणून तिने चिरंजीवांखेरीज घरात कोणाकडे वाच्यता केली नव्हती. ती रोज दुपारी लिहिलेलं फोनवर वाचून दाखवायची. खोक्यांत शब्दकोश होते. सासरे घरीच असतात, कारण बाईंनी विचारलं होतं की पुस्तकं पाठवली तर दार उघडायला कोणी आहे का. माझ्यावर एक अक्षरही नव्हतं. (समाधान वाटायला हवं होतं. पण खरं सांगू, एवढे शब्द ऐकून त्यातला एकही आपल्यासाठी नव्हता म्हटल्यावर क्षणभर जरा रिकामंही वाटलं.)

काम सुनेला मिळालं. माझ्यामुळे मिळालं की मी असूनही मिळालं, हे मी विचारलं नाही. बाईंनी जाताना भिंतीचा फोटो काढून नेला आणि ते प्रकरण त्या मलमाच्या वाक्याने सुरू करायची परवानगी मागितली. मी दिली, पण त्या दारापर्यंत जाईतो हसत होत्या, त्या हसण्यावर माझा अजून थोडा संशय आहे.

बाई गेल्यावर सून माझ्याजवळ येऊन बसली. मी विचारलं, मग भिंत कशाला मोजत होतात. ती म्हणाली, 'बाबा, शब्दकोशांसाठी कपाट करायचं होतं. आईंची खिडकी तशीच ठेवून दोन्ही बाजूंनी बसेल का, ते बघत होतो. बसलं नसतं तर पॅसेजमध्ये केलं असतं. तुमच्या खिडकीपाशी कपाट म्हटलं की तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून आधी बोललो नाही.' त्यांना ती खिडकी वाचवायची होती, मास्तर. आणि मी ती बुजवली, त्यांना मी खोल वाटावा म्हणून. मग ती म्हणाली की या प्रकरणात इतके शब्द गोळा केले पण सगळे दोष देणारे निघाले. वरचंच असतं पण मनापासून केलेलं असतं, अशा गोष्टीला काही शब्द तिला सापडला नाही. मला विचारत होती. मी म्हटलं, मी फक्त रंगवतो, शब्द मास्तरांना विचारू. तेव्हा तुम्ही सवडीने शोधून कळवा. वाक्यात उपयोग करू नका, नुसता शब्द पाठवा.

बाकी इकडे हवा बरी आहे. मोठ्यांना नमस्कार सांगायला तुमच्याकडे आता तुमच्याहून मोठं कोणी उरलं नाही, म्हणून तो तुम्हीच ठेवून घ्या. गुडघे जपा.

तुमचा मेव्हणा,
भिंतवाले

ता. क. शब्दासाठी घाई नाही. पत्र खरं तर दुसऱ्याच कारणासाठी लिहिलंय. मी पुस्तकांवर पांढरा हात मारून खिडकी पुन्हा रंगवायला घेणार आहे. दार आठवतं, झाड आठवतं. पण मांजर कुठे बघत होतं ते मला आठवत नाही, आत की बाहेर. आम्ही सगळ्यांनी डोकं खाजवलं, चिरंजीव म्हणतो बाहेर, सून म्हणते झोपलं होतं. ज्या एका माणसाला नक्की माहीत आहे ते माझ्याशी बोलत नाही, आणि चुकीच्या दिशेला बघणारं मांजर काढलं तर ते माणूस कधीच बोलणार नाही. तुम्ही तुमच्या बहिणीला पत्र टाका, इकडचं तिकडचं लिहा, आणि मध्येच सहज विचारा. मी सांगितलं असं चुकूनही दिसू देऊ नका. तिला लगेच संशय येतो.

आणखी ता. क. आज दुपारी बल्ब पुन्हा सैल झाला होता. सुनेने नवीन प्रकरण सुरू केलं आहे आणि आता शब्द वेगळे आहेत. डीप, प्रोफाउंड, असे काहीतरी. त्यात 'सासरे' कुठे आलं नाही, पण मला वाटतं या वेळी ते माझ्याबद्दलच असावं. यांचे अर्थ मात्र पाठवू नका.

शेवटचं ता. क. पाकीट अजून बंद केलेलं नव्हतं. तिकीट शोधायला आत गेलो होतो, पत्र टेबलावर तसंच उघडं होतं. परत येतो तो स्वयंपाकघरातून आवाज आला, 'आत बघत होतं. माझ्याकडे.' बस, एवढंच. म्हणजे मास्तर, या घरात दुसऱ्यांची पत्रं वाचली जातात, हे आता सिद्ध झालं. तेव्हा तुम्ही तिला लिहायची गरज नाही, पण हे पत्र पाठवतोच आहे, तुम्हाला पुराव्यासाठी असू द्या. हे लिहितोय तेवढ्यात ती भाजीचं ताट घेऊन बाहेर आली आणि त्या लाल ग्रंथाच्या खाली, नेहमीच्या जागी बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, 'इथे अंधार आहे. लवकर करा.'